शशिकलाचा होकार

शशिकला सोहोनीलाही राग येतो, हे चंदीगडच्या त्या सरकारी क्वार्टर्समध्ये कुणाला ठाऊकच नव्हतं. तो बाहेर पडला १९७४ च्या एका रविवारी, जुन्या फियाटच्या उघड्या बॉनेटपाशी.

तिचे यजमान दिगंबर एअरफोर्समध्ये वॉरंट ऑफिसर, काम विमानांच्या इंजिनांचं. तिथला शिरस्ता असा, की काम एकाने करायचं आणि तपासायचं दुसऱ्याने. न बघता सही करणाऱ्याची दिगंबर चारचौघांत बिनपाण्याने करायचे. घरच्या गाडीलाही त्यांना हा दुसरा माणूस लागे, आणि तो म्हणजे शशिकला. "झालं ना बरोबर?" असं ते विचारत, ती हात पुसत येऊन "हो" म्हणे, की झाकण बंद.

त्या दिवशी त्यांनी मनीमाजऱ्याहून आणलेली नवी टायमिंग चेन चढवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन कसौलीला निघायचं होतं. दोन दातेरी चाकांवरच्या खुणा समोरासमोर यायला हव्यात, एवढं शशिकलाला ऐकून ऐकून पाठ होतं. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण चढावर दम टाकते. घाटात, मागे ट्रक असताना बंद पडली तर?

"झालं ना बरोबर?"

"हँडल मारून इंजिन दोन फेरे फिरवा. मग सांगते."

"फिरवलंय मी. तू नुसतं हो म्हण."

"नुसतं?" तिच्या डोक्यात तिडीक गेली.

कुंपणापलीकडून शेजारचे ग्रेवाल हसले. "भाभीजी, कह दो ना हाँ!"

"आप बीच में मत बोलिए जी!" ती त्यांच्यावर कडाडली आणि नवऱ्याकडे वळली. "तिकडे कुणी न बघता हो म्हटलं, तर सोलून काढता त्याला. इथे माझी मुलं बसणार आहेत, आणि मी काय नंदीबैल आहे मान हलवायला?" इतकी वर्षं आपण खरंच मान हलवत आलो, याचा तिला सगळ्यात जास्त संताप आला होता.

दिगंबरांनी धुसफुसत हँडल मारलं. दोन फेरे झाले. खुणा जवळ आल्या आणि एक दात चुकवून थांबल्या.

"फिरवलं नव्हतंत ना?"

त्यांनी पाना उचलला. चेन पुन्हा उतरवून चढवेपर्यंत उन्हं कलली.

"शशी, येतेस का बघायला?"

ती सावकाश आली. त्यांनी न सांगता दोन फेरे फिरवले. खुणा तंतोतंत समोरासमोर आल्या. दिगंबरांनी झाकणाला हात घातला.

"अजून दोन फिरवा."

"अगं, जुळल्यात की!"

"मी अजून हो म्हटलेलं नाही."