कपाळावरचा चिखल

एका बाईच्या कपाळावरचा चिखल मी कॉम्प्युटरवर पुसला. सानगडीत फोटो प्रिंट करायचं दुकान आहे माझं, असे किती डाग पुसले असतील. पण हा पुसायला नको होता.

तो फोटो आमच्या पोस्टमन काकाजींनी काढला होता. तुम्ही या भागातले असाल तर त्यांना पाहिलंच असेल: सायकल, डाकेची पिशवी आणि गळ्यात छोटा कॅमेरा. कुणी केस सारखे करू लागलं की ते कॅमेरा खाली घ्यायचे. "कायले सजून राहिली वो? करत होती ते कर."

त्यामुळे त्यांचे फोटो म्हणजे सगळी अर्धवट कामं. हटून बसलेल्या बकरीला ओढणारी म्हातारी. उलट्या छत्रीत वांगी घेऊन निघालेले मास्तर. प्रत्येक प्रिंटमागे ते पेनाने गाव आणि गोष्ट लिहायचे. मास्तरांच्या फोटोमागे होतं: 'एकोडी. पिशवी फाटली. पाऊस नव्हता, वांगी होती.'

मी हसायचो. "काकाजी, असे फोटो भिंतीवर कोन लावते?"

"भिंतीले कायले दाखवतं? मानसाले दाखव."

मग काकू गेल्या. तेरवीला हार घालायला फोटो हवा होता. गावभर फोटो काढणाऱ्या माणसाकडे बायकोचा एकच धड निघाला. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवशी, धानाच्या बांधीत उभ्या, चिखलाच्या हाताने केस मागे सारताना हसलेल्या. कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात देऊन काकाजी म्हणाले, "हाच. मोठा कर."

मोठा कर, एवढंच. पण आमच्या धंद्यात गेलेल्या माणसाला नीटनेटकं करायची रीत आहे. मी चिखल पुसला, मागे निळा पडदा टाकला, जरीचं लुगडं चढवलं, हसरे ओठ मिटवले. तोच फोटो मूळ फोटोवर सेव्ह केला आणि सवयीप्रमाणे कार्ड रिकामं करून ठेवलं.

काकाजींनी फ्रेम उजेडाकडे धरली. "हे कोन होय रे?"

"काकूच. साफ केलं थोडं."

"मंग तो पहिला दे."

कार्ड खराब झालं, असं मी सांगितलं. त्यांनी फ्रेम उचलली. पुन्हा दुकानात आले नाहीत.

दोन वर्षं मी त्यांची गल्ली टाळली. शेवटी गेलो. ते खाटेवर होते, पायांनी अधू. उभ्याउभ्याच सांगून टाकलं: कार्ड खराब नव्हतं. मीच पुसलं.

वाटलं, हाकलतील. ते म्हणाले, "तू तं तिले मोठी करून पाह्यलं असन. चिखल कोन्या बाजूले होता? मले आठवून नाही राहिलं."

मला आठवत होतं. पुसायला अर्धा तास लागला होता. डाव्या भुवईवर तीन बोटांचे फराटे, मधला लांब. हनुवटीवर एक शिंतोडा. कानामागे अडकलेली धानाची पात. पुढचा दात जरासा तुटका.

"गाईनं शिंग मारलं होतं," काकाजी हसले. "तुयी काकू मलेच बोलली, तुमी फोटो काढत बसा!"

त्यांनी भिंतीवरची फ्रेम काढायला लावली. मी सांगत गेलो, ते मागच्या पुठ्ठ्यावर लिहीत गेले. मग पेन माझ्यापुढे धरला. "खाली तू लिह."

आता काकाजी नाहीत. फ्रेम त्यांच्या मुलीकडे आहे. मागच्या पुठ्ठ्यावर, त्यांच्या ओळींखाली, माझं अक्षर आहे: 'हा चिखल मी पुसला. आणि कार्ड खराब झालं असं खोटं बोललो. काकाजी, काकू, मला माफ करा.'