मामाजींची मऊ गोळी

आमच्या मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दंडावर कायम एखादा निळा डाग असे, आणि सोन्याचं कडं दाखवावं तसा ते तो आल्यागेल्याला दाखवत. "हे पाहा, निळं पडलं, पन फुटलं नाही!"

मी लग्न होऊन वरठीला आले तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. मामाजी भंडाऱ्याला पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करायचे. तरुणपणी एका दंग्यात त्यांनीच दुरुस्त केलेली बंदूक चालली आणि एक पोरगा गेला. तेव्हापासून, जमाव थांबेल पण कुणी मरणार नाही अशी बंदूक बनवण्याचं वेड त्यांनी घेतलं होतं. भंगारातली नळी, मोटारसायकलची स्प्रिंग आणि वाळू भरलेला रबरी गोळा, एवढाच त्या वेडाचा संसार. चाचणीला दुसरं कोण मिळणार? म्हणून स्वतःचाच दंड; गोळा सोडायला घरातलं कुणीतरी लांब उभं राही. सासूबाई लेप लावता लावता म्हणायच्या, "हे लोकायचे जीव वाचवून रायले, अन् मी हळद कुटून रायली."

संध्याकाळी ओसरीवर ते गोळा तळहातावर झेलत बसत, नजर कुठेतरी दूर. तेव्हा मला ते फार आवडत. त्यांचं स्वप्न घरातच वावरायचं आणि आम्ही त्याला वाट देत चालायचो.

शेवटी त्यांच्या पोलीस साहेबांना बंदूक पसंत पडली. नागपूरच्या अधिकाऱ्यांना दाखवायचं ठरलं. त्या आनंदात मामाजी आम्हाला शेतावर घेऊन गेले. धान कापलेल्या बांधीत लाखोळीचं कडधान्य निळं फुललेलं, वर धुक्याचा पातळ पदर. बांबूला कोहळा टांगला. मामाजींनी लांबून गोळा सोडला. कोहळा नुसता झुलला. मी टाळ्या पिटल्या.

सासूबाई म्हणाल्या, "इतल्या दुरून कोन भांडते जी? बाजारात तं मानसाले मानूस लागून रायते."

मामाजी हसत जवळ गेले. गोळा सुटला आणि कोहळा फुटून बिया लाखोळीत सांडल्या.

त्यांनी वाकून त्या बिया ओंजळीत गोळा केल्या. मला रडू आलं.

"नागपूरले नाही जात," ते म्हणाले.

"सायबाले सांगा ना जी, दुरूनच मारा म्हनून," मी म्हटलं.

"भेलेला मानूस अंतर मोजते का, बाई?"

साहेब चिडले. पण मामाजींनी बंदूक खोलली, ती पुन्हा जोडली नाही.

त्यांना जाऊन आता खूप वर्षं झाली. कुठे जमाव पांगवल्याची बातमी आली, की घरातले विचारतात, किती जखमी? मी विचारते, किती जवळून?