आधी जाऊन येणारे गोदामवाले

आमच्या सहकारी संघासाठी पाण्याच्या इंजिनाची पुस्तिका मी लिहिली आणि तिच्यात जिथं जिथं ‘अमुक पान पाहा’ असं होतं, तिथं तिथं चुकीचं पान छापलं. चुकून एखादं बरोबर आलं असतं, तर तेवढाच आधार झाला असता. पण तसंही नाही. झालं असं, की सगळा मजकूर जुळून झाल्यावर चेअरमनसाहेबांना खूश करायला त्यांचा संदेश, हार घातलेला फोटो आणि संचालकांची नामावळी अशी आठ पानं मीच पुढं घुसवली. मागचं सगळं आठ पानांनी सरकलं आणि आतले ‘पाहा’ मात्र होते तिथंच राहिले. ‘पट्टा सैल झाल्यास पान सहा पाहा’ म्हणून पान सहा उघडावं, तर चेअरमनसाहेब हात जोडून उभे.

दुसऱ्या कुठल्याही संघात ही चूक सुखानं खपली असती. पण आमच्याकडं गोदामवाले होते. वाट दाखवणारी माणसं जगात ढिगानं असतील. पण दाखवलेली वाट खरंच तिथं पोचते का, हे स्वतः चालून बघणारा माणूस देवानं एकच घडवला आणि तो आमच्या गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसवला. ‘माणसाला कुठं धाडायचं, तर आधी आपण जाऊन यायचं,’ हा त्यांचा धर्म. एकदा कुठल्याशा एसटी स्टँडवर बाहेरच्या फळीवर लिहिलं होतं, ‘गाड्यांच्या वेळा आत पाहाव्यात.’ आत लिहिलेलं, ‘खिडकीवर चौकशी करावी.’ आणि खिडकीतला माणूस म्हणाला, ‘बाहेर फळीवर बघा की!’ यांनी त्या माणसाला गोडीगुलाबीनं खिडकीबाहेर काढलं, हाताला धरून फळी, आत, खिडकी असे तीन फेरे घातले आणि विचारलं, ‘आता तुमीच सांगा, म्या गावाकडं कवा जायाचं?’ घरी चहाच्या डब्यावर ‘साखर डाव्या हाताला’ आणि साखरेच्या डब्यावर ‘चहा उजव्या हाताला’ अशा चिठ्ठ्या. वहिनी म्हणायच्या, ‘वाचत बसले तर चहा कवा करू?’ पाहुण्यानं डबे उलटे ठेवले, की गोदामवाले पाहुण्यालाच उठवून सरळ करायला लावत.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरींचं पाणी इतकं खाली गेलेलं, की दोर पुरत नव्हता. इंजिन चाललं तर गावाला पाणी, नाही तर नाही. तुळजापूर रस्त्यावरच्या एका गावात इंजिन चालवायला चौथी शिकलेली एक बाई होती. गठ्ठ्यातली पहिली प्रत मी ऐटीत तिलाच दिली होती. चौथ्या दिवशी ती हजर.

‘साहेब, डिझेल संपलं हुतं. नवं घातलं तरी इंजिन लागंना. पुस्तकात बघितलं. हवा काढावी, पान बारा पाहा. बघितलं. खड्डा खणला, तीन फूट लांब, दोन फूट खोल. हवा न्हाय निघाली.’

पान बारावर इंजिनाच्या जोत्याचा खड्डा होता. वर्षभर दुष्काळी कामावर खडी फोडलेलं, माती उपसलेलं गाव. खड्डा म्हटल्यावर कुणी का म्हणून विचारलं नाही. तासाभरात खणून मोकळे झाले. दोन दिवस गावात पाणी नव्हतं.

गोदामवाले पाना घेऊन तिच्याबरोबर एसटीत चढले. फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू दिलं, स्क्रू आवळला, हँडल मारलं. पाणी आलं. परत येऊन त्यांनी पुस्तिकांचे सगळे गठ्ठे गोदामात कोंडून कुलूप घातलं.

सभा दोनच दिवसांवर आली होती. मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते पुस्तिका वाटायच्या होत्या. चेअरमनसाहेब स्वतः गोदामात आले.

‘किल्ली द्या.’

‘न्हाय देनार, साहेब. पुस्तक दुरुस्त झाल्याबिगर एक प्रत बाहेर जानार न्हाय.’

‘अहो, माझ्या संदेशात काही चूक आहे का?’

‘तेवढाच बरोबर हाय. पन त्यानं पानी वर येत न्हाय.’

‘नोकरी जाईल!’

‘जाऊ द्या. लोकं तहानेली कशापायी ठेवायची?’

सभेत पाहुण्यांच्या हातून शेवटी नारळ वाटावे लागले. आणि मी गोदामात पोत्यावर बसून प्रत्येक प्रत लाल शाईनं दुरुस्त करत होतो. मी नुसते आकडे बदलायला निघालो, तर त्यांनी हात धरला. ‘लेखकसाहेब, उद्या पुन्हा कुनाचा फोटो घालाल. पानं हलतात. नाव लिवा.’ मग प्रत्येक कामाला नाव पडलं: ‘हवा काढणे’, ‘पट्टा ताणणे’. आणि प्रत्येक कामाच्या खाली, माणूस कुठून आला असेल नि आता कुठं परत जायचं, तेही. लिहून झालं की त्या बाईला बोलवायचं, तोंडातून शब्द न काढता पुस्तक हातात द्यायचं आणि गोदामाच्या अंगणातलं इंजिन चालू होईपर्यंत बघत राहायचं. ती जिथं अडखळली, ते वाक्य खोडलं. आजही ती पुस्तिका मी माझी म्हणून मिरवतो.

चेअरमनसाहेब नारळ विसरले नाहीत. गोदामवाल्यांची बदली परंड्याच्या शाखेत करा, म्हणाले. आदेश लिहायचं काम माझंच. मी मान खाली घालून लिहिला. वर ‘संदर्भ: ठराव क्रमांक सतरा’. गोदामवाल्यांनी जाऊन ठरावाचं बाड काढलं. सतरावा ठराव गोदामातल्या उंदरांच्या बंदोबस्ताचा होता.

‘ह्या ठरावानं उंदीर घालवायचे हायेत, मला न्हाय,’ म्हणाले आणि पुढच्या सभेपर्यंत स्टुलावरून हलले नाहीत.

त्या सभेत बदलीचा रीतसर ठराव झाला आणि मी नवा आदेश लिहिला. या खेपेला त्यांच्याच शिकवणीनं आधी स्वतः बाडापाशी जाऊन आलो, दोनदा. त्यांनी आदेश वाचला, ठराव काढून पडताळला, चष्मा खिशात ठेवला. ‘आता बरोबर हाय,’ म्हणाले. पहिल्यांदाच शाबासकी दिली त्यांनी मला. मग गोदामाची किल्ली माझ्या हातावर ठेवून, पिशवी उचलून ते स्टँडकडं चालू लागले.

इंजिनासाठी वायसर न्यायला आलेली ती बाई दारातच उभी होती. ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली आणि मग माझ्याकडं वळली.

‘जल्मात एक काम बिनचूक केलं तुमी, साहेब. आनि ते बी ह्या मानसाला घालवायला.’