ओस्लाचं आढं

“समुद्र देतो, पण वाकणाऱ्याला,” असं ओस्ला मोअट नेहमी म्हणायची. वाहून आलेली फळी उचलताना स्वतःशी पुटपुटायची, आणि आमच्यापैकी कुणी खिशात हात घालून उभा दिसला की मोठ्यानं म्हणायची.

दूर उत्तरेच्या समुद्रातल्या शेटलंडच्या आमच्या बेटावर झाड नाही. वारा त्याला उभं राहू देत नाही. गवत आहे, मेंढ्या आहेत, आभाळ तर नको इतकं आहे. लाकूड मात्र समुद्रातून येतं. कुठल्या अरण्यातलं, कुठल्या बुडालेल्या जहाजावरचं, देव जाणे. ज्याला सापडेल त्यानं ते भरतीच्या रेषेवर ओढून न्यायचं आणि वर एक दगड ठेवायचा. मग ते त्याचं. कुलूप नाही, पहारा नाही. वाडवडिलांपासूनचं वैर असलं तरी शेजाऱ्याच्या दगडाला कुणी बोट लावत नाही. एकमेकांच्या मेंढ्या पळवणारे आमच्यात होऊन गेले. दगड काढणारा कधी ऐकिवात नव्हता.

गेल्या हिवाळ्यात वादळानं ओस्लाच्या गोठ्याचं आढं मोडलं. तिची शोल्मा गाय तेव्हापासून अर्ध्या छपराखाली, ताडपत्रीच्या आडोशाला उभी. तिला दुसरा हिवाळा तसा काढता आला नसता. वसंतात समुद्रानं छोट्या खाडीत एक तुळई आणून टाकली. सरळ, लांब, एक गाठ नाही. ओस्लानं दोर बांधून, पहारीनं रेटून ती एकटीनं वर चढवली. मी शेजारी, मदतीला गेलो तर म्हणाली, “उशिरा येतोस रे बाबा, चहाच्या वेळेला बरा येतोस.” मग तिनं त्यावर एक चपटा दगड ठेवला. उन्हाळाभर पावसानं मीठ धुऊन जावं, वाऱ्यानं लाकूड सुकावं, गवत कापून झालं की आम्ही चौघा शेजाऱ्यांनी ते गोठ्यावर चढवावं, असं ठरलं होतं.

सप्टेंबरात आमच्याकडे ‘समुद्र वाचवा’ म्हणणाऱ्या चित्रपटांचा महोत्सव भरतो. शहरातली माणसं बोटीनं येतात, नवेकोरे रबरी बूट घालून. त्यांच्याबद्दल ओस्लाचा आकस नव्हता. पहिल्या वर्षी तिनं त्यांना तव्यावरच्या बॅनॉक भाकऱ्या करून घातल्या होत्या, जाळ्यात अडकलेल्या देवमाशाचा चित्रपट पाहून ती भर सभागृहात रडलीही होती. यंदा त्यांनी धक्क्यावर वाहत्या लाकडांचा एक मोठा देवमासा उभा केला. शनिवारी गाणी म्हणत तो जाळायचा होता. समुद्र वाचवायचा आणि त्यानं दिलेलं लाकूड जाळून टाकायचं! ज्या बेटावर म्हातारी माणसं खोक्याची पट्टीसुद्धा जपून ठेवतात, त्या बेटावर!

शुक्रवारी ओस्ला आणि मी तुळई आणायला ट्रॅक्टर घेऊन खाडीवर गेलो. किनारा झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. आदल्या दिवशी महोत्सवाच्या मंडळींनी प्लास्टिक, जाळी, दोर, सगळं वेचून नेलं होतं. तुळईही नव्हती.

ओस्ला दगडाकडे बघत राहिली. तो गवतावर होता, हळुवार टेकवलेला.

“परक्यानं लाथेनं उडवला असता,” ती म्हणाली. “हा आपल्यातल्या कुणीतरी उचलून ठेवलाय.”

धक्क्यावर गेलो तर तुळई देवमाशाचा कणा झालेली. महोत्सवाची मुख्य बाई, फिलिपा, हसतच पुढे आली.

“सुंदर झालाय ना? सगळी समुद्राची देणगी!”

“ही माझी आहे,” ओस्ला म्हणाली. “वर दगड होता.”

“दगड?” फिलिपा गोंधळली. “मला खरंच माहीत नाही हो. मॅग्नी म्हणाले, खाडीतलं सगळं बेवारशी आहे, घेऊन जा.”

मॅग्नी म्हणजे ओस्लाच्या धाकट्या बहिणीचा, मिमीचा नवरा. महोत्सवाच्या समितीवर बेटाचा प्रतिनिधी. तो त्याच वेळी सभागृहात चित्रपटाआधीचं भाषण करत होता. आम्ही दार ढकललं तेव्हा तो म्हणत होता, “समुद्राचा मान राखणं आमच्या रक्तात आहे!” लोक टाळ्या वाजवत होते.

टाळ्या थांबेपर्यंत ओस्ला मधल्या वाटेत उभी राहिली.

“मॅग्नी, माझा दगड तू काढलास?”

“अगं ओस्ला, आत्ता नको. पाहुणे आहेत.”

“पाहुण्यांनाही कळू दे. काढलास की नाही?”

“देवमाशाच्या पाठीला लांब लाकूड मिळेना,” तो आवाज खाली आणत म्हणाला. “तुझं उन्हाळाभर नुसतं पडून होतं. दुकानातून नवं आणून देतो, याहून चांगलं. आता बस.”

“पडून नव्हतं, सुकत होतं. तुलाही ते ठाऊक आहे. तुझ्या घराच्या छपराचं लाकूडही तसंच सुकवलेलं आहे, माझ्याच बापानं.”

मागून कुणीतरी कुजबुजलं, “एका ओंडक्यासाठी केवढा तमाशा!”

ओस्ला वळली. “ओंडका गेला तर दुसरा येईल, समुद्र आटला नाही. पण उद्या तुझ्या लाकडावर दगड ठेवशील तेव्हा रात्री झोप येईल का तुला? हा माणूस दगड उचलतो आणि इथं उभा राहून मानाच्या गोष्टी सांगतो. आणि तुम्ही टाळ्या पिटता!”

मिमी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती.

आम्ही धक्क्यावर परतलो. लोक मागोमाग आले आणि अंतर ठेवून उभे राहिले. आमचेच लोक, जन्मभर दगडाचा मान राखलेले. एकानंही खिशातला हात बाहेर काढला नाही. मला अजून त्याचीच चीड येते. मी आणि ओस्ला लाकडं बांधलेल्या तारा सोडवू लागलो, तर फिलिपा पक्कड घेऊन आली.

“मला आधी कुणी सांगितलं असतं तर हात लावला नसता,” ती म्हणाली.

“ज्यानं सांगायचं त्यानंच तर चोरली, बाई,” ओस्ला म्हणाली. “ती खालची तार धर.”

तुळई ओढली तसा देवमासा कडकड करत खाली बसला. शेपूट तेवढं उभं राहिलं. मी तुळई ट्रॅक्टरमागच्या गाड्यावर आवळली आणि सावकाश निघालो. ओस्ला मागून चालत होती, एक हात लाकडावर ठेवून, पाठ ताठ. मी वळून पाहिलं तेव्हा धक्क्यावरचे लोक तिच्याकडे पाहत होते. मॅग्नी मघाशी सभागृहाच्या पायरीवर उभा होता, तो केव्हाच आत निघून गेला होता. मिमी मात्र बाहेर आली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि बहीण चढावापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तिच्या पाठीकडे बघत राहिली.