हिने धुतलेला गाळ

आमची ही निकेलचा मुलामा देणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षं होती. नळाच्या तोट्या, सायकलींची हँडलं तिथून चकचकीत होऊन निघत. ही मागच्या अंगाला, सांडपाण्याच्या टाकीपाशी. तळाशी बसलेला हिरवट गाळ काढायचा, वाळवायचा, पोत्यांत भरायचा. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी तिचा नवरा असूनही सांगतो.

ती निवृत्त झाली त्या वर्षी एका प्रयोगशाळेतल्या मॅडम तिने भरलेलं एक पोतं घेऊन गेल्या. त्या गाळाची भुकटी तापवून तिच्यावरून हायड्रोजनच्या जोडीने कार्बन डायऑक्साइड सोडला, की त्याचा मिथेन, म्हणजे चुलीत जळणारा वायू होतो, असं त्यांचं म्हणणं. उत्प्रेरक म्हणतात अशा भुकटीला. वायू झालाही, मॅडमचं नाव झालं. पण कारखान्याने नंतर पाठवलेली पाच पोती ढिम्म. पहिले आकडे बाईंनी मनानेच भरले, अशी कुजबुज सुरू झाली. महिनाअखेरीस तपासणी समिती येणार होती. तिच्यासमोर वायू निघाला नाही, तर काम बंद आणि कपाळावर खोटेपणाचा शिक्का.

अशात एका सकाळी मॅडम आमच्या दारात. "काकू, त्या पहिल्या पोत्यात वेगळं काय होतं?"

ही पाणी आणायला म्हणून आत आली, ती घामाघूम. "अहो, मी तो गाळ धुतला होता."

"मग?"

"आहे तसा द्या, असं साहेबांनी बजावलं होतं. पण न धुतलेल्या गाळाने हात फुटतात, पोती कुजतात. मी कायम धुऊनच भरायची. कुणाला बोलले नाही."

"आताही बोलू नकोस," मी म्हटलं. "उगाच अंगाशी येईल. माहीत नाही म्हण आणि मोकळी हो."

हिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी चष्मा पुसायला घेतला. बाहेर जाऊन तिने सगळं सांगून टाकलं. मॅडम चिडतील म्हणून मी दाराआडून कान देऊन होतो, तर त्या मटकन खुर्चीत बसल्या. "काकू, क्षार! गाळातल्या क्षारांनीच घात केला!"

दुसऱ्या दिवसापासून ही प्रयोगशाळेत, कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवून. गाळ ढवळायचा, बसू द्यायचा, वरचं पाणी ड्रममध्ये काढायचं. त्यातला एक थेंब काळ्या पत्र्यावर वाळवायचा. पांढरं कडं उठलं, की अजून एक पाणी. तिथल्या शिकलेल्या मंडळींनी तिसऱ्याच पाण्याला 'झालं' म्हटलं, तर ही खेकसली, "झालं काय झालं? डोळे आहेत का बटणं?" घरी मला बोलते अगदी तसंच. नऊ पाणी लागली.

समितीच्या दिवशी मीही मागे जाऊन उभा राहिलो. यंत्राने मिथेनचा आकडा दाखवला, मग नळीच्या टोकाशी काडी धरली आणि निळी ज्योत लागली. प्रमुखांनी विचारलं, "गाळ धुवायची ही पद्धत कुणाची?" मॅडमनी हिला हाताला धरून पुढे केलं. "ह्यांची. मी खोटी नाही, हे ह्यांच्यामुळे सिद्ध झालं." कुजबुजणारेच टाळ्या वाजवत होते. माझी छाती अभिमानाने भरून आली होती आणि मान मात्र वर होत नव्हती.

परतताना मी तिला म्हटलं, "त्या दिवशी तू माझं ऐकलं असतंस तर?"

"तुमचं मी कधी ऐकलंय?" ती म्हणाली आणि झपाझप पुढे चालू लागली.