जवाचं थंड पाणी

साठ सालानंतरची दोन-तीन वर्षं मी कतारमध्ये, उम्म सईदच्या बंदरात, स्टोअरचा कारकून होतो. तेल भरायला आलेल्या जहाजांना कांदे, बटाटे, भाजी लाँचमधून न्यायची, मोजून द्यायची, सही घ्यायची. त्या कामाने एका जपानी जहाजाच्या भटारखान्यात मी पाच वेळा गेलो.

तिथला आचारी पन्नाशीचा होता. मला घामाने भिजलेला पाहून त्याने खोक्यावर बसवलं आणि समोर काचेचा वाडगा ठेवला. बर्फाच्या पाण्यात पांढऱ्या, केसासारख्या बारीक शेवया. त्या काड्यांनी उचलून तपकिरी रश्शात बुडवायच्या आणि खायच्या. मी आधी डुक्कर आणि दारू यांचं विचारलं. दोन्हींना त्याने नकाराची मान हलवली आणि रश्शात घातलेली सुकी मासळी दाखवली. मग खाल्लं. बरोबर शिरक्यातली काकडी आणि एक खारवलेलं लाल आंबट फळ. ते जिभेवर ठेवताच आमसुलाची आठवण झाली. शेवटी जवाचं पाणी. जव काळपट होईपर्यंत भाजून उकळायचे, गाळून गार करायचं, साखर नाही. पहिला घोट करपलेल्या भाकरीसारखा लागला. तिसऱ्या घोटाला घशाची आग थांबली.

"हॉट डे," तो सूर्याकडे बोट करून म्हणाला. "कोल्ड. सॉल्ट."

चौथ्या खेपेला, जूनमध्ये, त्याने मला थर्मास भरून दिला आणि डब्यात ती आठ फळं. किनाऱ्यावर वेल्डिंग करणाऱ्या माझ्या मेहुण्याबद्दल मी त्याला सांगितलं होतं.

मेहुणा चोवीस वर्षांचा, माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून त्याला मीच आणलं होतं. 'सांभाळीन' असा शब्द सासूला दिला होता.

त्याच दिवशी साडेबाराला फोरमनच्या गाडीने त्याला खोलीवर आणून सोडलं. अंग कोरडं आणि तव्यासारखं. थर्मामीटर लावला, एकशे चार. त्याची नजर थर्मासवर गेली.

"भावजी, जपान्याचं पाणी आलं वाटतं. द्या की."

"एकशे चार ताप आणि थंड पितोस? छातीत बसेल."

"बसू दे. छाती माझी आहे."

"आणि मान माझी. तुझी आई धरील."

"तिला सांगणार कोण? तुम्हीच सांगाल म्हणा, हिशेबी माणूस!" तो हसला. मग पुन्हा म्हणाला, "एक घोट द्या."

मी दिला नाही. आमच्याकडे तापात थंड देत नाहीत. वारा लागू द्यायचा नाही, पांघरूण घालून घाम काढायचा. मी सगळं नीट केलं. खिडकी लावली, दोन कांबळी घातली, आलं-मिऱ्याचा कढत काढा अर्ध्या अर्ध्या तासाने तीन कप पाजला. घाम आला नाही. दोन वाजता ताप एकशे सहा. तो होडी ओढायला कोणाला तरी हाका मारू लागला, तेव्हा मी धावत जाऊन गाडी आणली.

दवाखान्यातल्या डॉक्टरने आधी कांबळी ओढून फेकली आणि बर्फ मागवला.

"पसीना कब बंद हुआ?"

ताप किती, कप किती, कांबळी किती, तेवढं मी सांगितलं.

"बुखार नहीं है, लू लगी है," तो म्हणाला. म्हणजे ऊन बाधलं होतं. "सुबह से ठंडा कुछ दिया?"

संध्याकाळी मगरिबच्या नमाजाआधी मेहुणा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दफन केलं. खोलीवर येऊन थर्मास उघडला, तर पाणी अजून गार होतं. मी ते प्यालो नाही आणि ओतलंही नाही. तिसऱ्या दिवशी वास आला, तेव्हा धुतला.

जहाज दोन महिन्यांनी परत आलं. मी थर्मास द्यायला गेलो.

"फॅमिली, गुड?" आचाऱ्याने विचारलं.

मी मान हलवली, होकाराची. त्याने पुन्हा शेवयांचा वाडगा पुढे केला. लाँच थांबली आहे असं खुणेने सांगून मी उतरलो.

पुढच्या उन्हाळ्यात रजा मिळाली. सासुरवाडीला पोहोचलो तेव्हा दुपार होती. सासू ओटीवर बसली होती. तिने हळूच विचारलं, "तापात थंडबिंड काही दिलं नव्हतंत ना त्याला?"

"नाही," मी म्हणालो. "मागत होता. एक घोटही दिला नाही."

"बरं केलंत." तिने पदराने डोळे पुसले. वर्षभर तिला हीच काळजी लागून राहिली होती, असं बायकोने नंतर सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला ते माझ्या ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात सासूने आत वळून लेकीला हाक मारली, "अगो, जावई उन्हातून आलेत. मडक्यातलं गार पाणी आण."

पाणी आलं. ती बघत होती, म्हणून मी ते प्यालो.