सांगलीहून आणलेलं हेड

भुतंखेतं, करणी, भानामती यातलं मी काही मानत नाही. साताऱ्याला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केलेला माणूस मी... आवाज गेला की वायर तपासायची, अंगारा लावायचा नाही, एवढंच मला ठाऊक. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून मला येड्यात काढणारे बरेच निघतील.

१९७४ सालची गोष्ट. उंब्रजला माझा लग्नाकार्यात भाड्याने द्यायचा स्पीकरचा सेट होता. दोन कर्णे, अँप्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्ड प्लेअर. त्याचं हेड गेलं. हेड म्हणजे कार्ट्रिज, सुई ज्यात बसते तो नखाएवढा भाग. माझा प्लेअर जुना विलायती, त्यामुळे त्या जातीचं हेड कुठेच मिळेना. शेवटी सांगलीत एका जुन्या सामानाच्या दुकानात मिळालं. काळं, एका कोपऱ्याला टवका उडालेलं.

दुकानदार म्हातारे जैन गृहस्थ होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पुडी बांधताना म्हणाले, "माल झकास हाय. पन मधीच मुकं झालं तर मशीन उकलत बसू नगा. आजूबाजूच्या मानसांकडं बघा."

मी मनात हसलो. मालाची खोड आधीच सांगून मोकळं व्हायचं — दुकानदारीच ती!

आवाज मात्र असा गोड की काय सांगू. महिनाभर बिनघोर वाजलं. मग मेढ्याच्या बाजूला एका लग्नात गाणं ऐन अंतऱ्यात बंद. सुई फिरतेय, अँप्लिफायर तापलाय, कर्ण्यातून हूं की चूं नाही. मी वायरी चाचपतोय तोवर एक जण धावत आला, "स्पीकर बंद करा, वरच्या आळीची म्हातारी आत्ताच गेली!" गावात मयत झाली की स्पीकर थांबवायचा, हा आमच्या धंद्यातला रिवाजच. मी म्हटलं, "आवं, बंदच हाय की."

दुसऱ्या दिवशी हेड ठणठणीत!

पुढे वाईला एका बारशात तेच. आवाज गेल्यावर पाव तासाने शेजारचा माणूस घाटावर पाय घसरून पडला आणि जागीच गेला. म्हणजे हेड आधी मुकं झालं होतं, माणूस नंतर गेला. योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. पण दुसऱ्या जातीचं, जोडपट्टी लावून बसेल असं नवं हेड मागवून पेटीत ठेवलं, हेही खरं.

पुढच्याच वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं लग्न. घरचंच कार्य, सेट माझाच. आबा, आमचे वडील, पलटणीतून रिटायर झालेले, ताठ कण्याचा माणूस. सकाळपासून छातीत जळजळतंय म्हणत होते. ओवा चावून मांडवाच्या खांबाशी खुर्ची टाकून बसले. मुहूर्ताला अर्धा तास होता, गाणं चाललेलं आणि... बंद.

गावात कुणीतरी चाललं, हे मला कळून चुकलं. पण मुहूर्त तोंडावर आला असला की आमच्याकडे अक्षता पडेपर्यंत मयताची बातमी दाबून ठेवतात. कार्यात विघ्न नको, नवरीला अपशकुनी म्हणायला नको. मीही तेच केलं. मशीनवर वाकलो आणि घाईघाईने जुनं हेड काढून नवं बसवलं. पाचेक मिनिटं लागली असतील. गाणं सुरू झालं. सुटलो, असं वाटलं मला!

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री कडाडली. आशीर्वादासाठी शालन आबांकडे गेली तर त्यांची हनुवटी छातीला टेकलेली. सगळ्यांना वाटलं डोळा लागला. मूठ उघडली तेव्हा अक्षता तशाच आत होत्या.

डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी बोलावलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

हेड मुकं झाल्याचं मी कुणाला सांगितलं नाही. उन्हाने हेडच्या आतला क्रिस्टल, आवाज उठवणारा खडा, मऊ पडतो आणि गार झाला की पुन्हा चालतो, असा हिशोब मी स्वतःपुरता लावून ठेवला होता. मेढ्यालाही ऊन होतंच की. पण वाईचं बारसं भर थंडीत झालं होतं.

चार वर्षांनी आबांच्या श्राद्धाला शालन माहेरी आली. जेवणं उरकल्यावर सहज म्हणाली, "दादा, माझ्या लग्नात मधीच गाणं थांबलं हुतं, आठवतंय? मी गौरीहर पुजत हुते, खिडकीतनं आबा दिसत हुते. गाणं थांबल्यावर त्यांनी मान वर केली आनि तुझ्याकडं बघून हात हलवला. दोनदा. मला वाटलं, गाणं लाव म्हनत्यात."

"मग?" मी विचारलं.

"मग काय... तू खाली वाकला हुतास. गाणं लागलं आनि त्यांनी हात खाली घेतला."

ते हेड अजून माझ्याकडे डबीत आहे. ते कशाने बंद पडलं, मला आजही सांगता येत नाही. शालनला मी एवढंच म्हणालो की व्हय, पिन बदलत हुतो.